गुरू ग्रहाचे वस्तुमान व त्याची ओढ



सूर्यमालेचा पाठ चालू असता गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे, असे आपण मुलांस सांगतो व मुले ते पाठही करतात. परंतु इतक्या दूरच्या ग्रहास तोलले कोणी, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, तेव्हा त्यास गप्प न बसविता पुढील रीतीने समजावून द्यावे.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. त्यांपैकी आयो हा गुरूच्या केंद्रापासून सुमारे ४,२२,००० किलोमीटरांवर आहे; आपला चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरांवर. अंतरांत फारसा फरक नाही. तथापि चंद्रास एका प्रदक्षिणेस सुमारे २७ दिवस लागतात, तर आयो ती पावणेदोन दिवसांत पुरी करतो. गोफण जितक्या वेगाने फिरवावी, तितकी तिची दोरी हातास अधिक ओढते. त्याचप्रमाणे आयोस कक्षेत धरून ठेवणारी गुरूची ओढही प्रचंड असली पाहिजे. न्यूटनच्या नियमांनी हिशेब मांडला म्हणजे ३१८ ही संख्या मिळते.

मग गुरूवर आपले वजनही ३१८ पट होईल काय? नाही. ओढ वस्तुमानाबरोबर वाढते खरी. परंतु केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती घटते. गुरूची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे ११.२ पट आहे. ११.२ चा वर्ग सुमारे १२५. त्याने ३१८ ला भागल्यास सुमारे अडीच येतात. हा भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा. गुरू हा मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचा बनलेला असून त्यास पाय टेकण्याजोगी भूमी नाही. म्हणून ही ओढ त्याच्या ढगांच्या वरच्या थरापाशी आहे, असे समजावे.

आता वस्तुमान व वजन यांतील भेद स्पष्ट करावा. ३० किलोग्रॅमचा मुलगा तेथे स्प्रिंगच्या काट्यावर तोलला, अशी कल्पना केल्यास काटा सुमारे ७५ दाखवील. तागडीत मात्र पारड्यातील मापेही अडीच पट जड होतील व मुलगा ३० च भरेल. वाढले ते वजन. वस्तुमान होते तेवढेच राहिले.

स्वाध्याय : शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट व त्रिज्या सुमारे ९.४ पट आहे. तेथील ओढ काढण्यास मुलांस सांगावे. ती पृथ्वीहून किंचितच अधिक आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, म्हणजे हा पाठ केवळ घोकंपट्टीचा राहणार नाही.