पहिला प्याला, शेवटचा प्याला

नाटक आपण सगळेच पाहतो. जत्रेत पाहतो, शाळेच्या पटांगणात पाहतो. दुःखाचे नाटक असले की शेवटी डोळ्यांना पाणी येते. ते कशाने येते? नुसत्या गोष्टीने नव्हे. ती कशी सांगायची, याच्याही काही युक्त्या असतात. आज आपण त्यातल्या तीन पाहू.

त्यासाठी 'एकच प्याला' हे नाटक घेऊ. ते राम गणेश गडकरी यांनी लिहिले. गडकरी १९१९ साली वारले. वय अवघे ३३. हे नाटक त्यांच्यामागे रंगभूमीवर आले. त्यातील सिंधूचे काम बालगंधर्वांनी केले.

गोष्ट अशी आहे. सुधाकर हा हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो. त्याची सनद काही काळ बंद होते. अपमानाने जीव जळतो. तळीराम नावाचा कारकून त्याला दुःख विसरायला दारू देतो. सुधाकर पितो. म्हणे, एकच प्याला!

पुढे काय होते? घर बुडते. बायको सिंधू दळण दळून पोट भरते. सुधाकर दारू सोडतो, पण पुन्हा धरतो. एके दिवशी नशेत त्याच्या हातून तान्हे मूल मरते. सिंधूलाही जीवघेणा मार लागतो. तरी ती फौजदाराला सांगते, मी पडले. शेवटी सुधाकर दारूत विष घालून पितो. तोही एकच प्याला!

आता युक्त्या पाहा.

पहिली युक्ती पुनरुक्ती. म्हणजे तोच शब्द पुन्हा आणणे. शब्द दोन्ही वेळा तेच, पण पहिल्यांदा त्यात सुटका दिसते आणि शेवटी मरण.

दुसरी युक्ती अशी की, जे पात्राला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते. नाटकाचे नावच 'एकच प्याला'. पहिला प्याला उचलताना सुधाकरला पुढचे दिसत नाही. आपल्याला दिसते, पण त्याचा हात धरता येत नाही. म्हणून जीव कासावीस होतो.

तिसरी युक्ती विरोध. म्हणजे उलट गोष्टी शेजारी ठेवणे. तळीरामाची दारुडी मंडळी आपल्याला पोट धरून हसवते. इकडे सिंधूच्या घरात खायला नाही. त्या हसण्यामुळेच हे दुःख जास्त टोचते.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा एकदा रात्री पारावर हे नाटक वाचून दाखवले. पहिल्या प्याल्याला मंडळी हसली. शेवटच्या प्याल्याला कोणी हसले नाही. एक गृहस्थ उठून अंधारात जाऊन उभे राहिले. आम्ही त्यांना काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला आले. त्यांना वाचता येत नव्हते. मुलीकडून वाचून घेतो म्हणाले.

तुम्हांला आता वाचता येते. तेव्हा हे नाटक मिळवा आणि घरात मोठ्याने वाचा.

प्रश्न
१. सुधाकरने पहिला प्याला का घेतला?
२. पहिल्या आणि शेवटच्या प्याल्यात फरक काय?
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकात यांपैकी कोणती युक्ती होती? चार ओळी लिहा.