नांगर न लावता मका

ऑक्टोबरचा मध्य. कुरुंदवाडच्या पंचगंगाकाठच्या रानात धैंचा छातीएवढा उभा होता. अण्णांनी विळा घेतला आणि पुतणीनं विचारलं,

"अण्णा, हा कापून नुसता आडवा पाडायचा? नांगरून गाडत का नाही?"

"गाडला की लगेच कुजून संपतो. वर पसरला तर जमिनीवर सावली राहते, आणि तण सावलीत दबतं."

"तणनाशक मारून जमणार नाही?"

"तिथंच तर मेख आहे, पोरी. विना नांगरणीचा विचार कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी उसात रुजवला, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात. दोघांबद्दल मला आदर आहे. पण दोघांच्या पद्धतीत तणनाशकाला जागा आहे. सेंद्रिय म्हटलं की ती वाट बंद. मग सगळा भार या आच्छादनावर. माती कुठं उघडी दिसता कामा नये. कमी पडलं तर उसाचा पाला आणून टाकू, पण पेटवायचा नाही."

"मग ताग का नाही केला?"

"2019 आणि 2021 चा पूर आठव. साचलेल्या पाण्यात ताग पिवळा पडून जातो, धैंचा तग धरतो. शिरोळ तालुक्यातल्या चोपण रानातही येतो. पाणी ओसरल्यावर ऑगस्टअखेर पेरला, आता पन्नास दिवसांचा झालाय. आणखी थांबलो तर खोडाचं लाकूड होईल. ते कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतं आणि मका पिवळा पडतो. मुळं मात्र तशीच राहू द्यायची. ती कुजली की जागोजाग नळ्या तयार होतात, पाणी त्यातनं खाली उतरतं."

"मक्यात हरभरा घेऊया?"

"मक्याला देऊ त्या पाण्यावर हरभरा नुसता माजेल. घेवडा मुळावर गाठी धरण्यात कमी. थंडी वाढायच्या आत चवळी टोकायची. मक्याच्या दोन ओळींत 60 सेंटिमीटर, मधे चवळीची एक ओळ."

"म्हणजे मक्याला नत्र चवळी देणार."

"उभी असताना फारसं नाही. हवेतनं घेतलेलं बहुतेक नत्र तिच्याच अंगात राहतं. शेंगा तोडून वेल तिथंच टाकला की पुढच्या पिकाला मिळतं. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे, त्यामुळं शेणखत लागतंच. चवळीवर सगळं भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस."

अण्णांनी धैंच्याचं एक झाड उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडून दाखवली.

"आतून गुलाबी आहे!"

"म्हणजे जिवाणूंचं काम चालू आहे. पांढरी निघाली असती तर नव्हतं. चवळीच्या बियाण्याला म्हणून रायझोबियम चोळायचं."

"आणि लव्हाळा?"

"तो आच्छादन भेदून वर येतो. पहिले चाळीस दिवस हातानं उपटायचा, त्यात सुट्टी नाही. शिवाय 2018 पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आहे. रोज सकाळी पोंगे बघायचे, अळी दिसली की निंबोळी अर्क पोंग्यातच सोडायचा."

तिनं दुसरा विळा उचलला.

"अगदी बुडातनं काप," अण्णा म्हणाले. "खुंट राहिला तर परत फुटतो."