रविवारी साडेनऊची उपासना

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. नगरला एका बाजूला वारकरी शेजारी, दुसऱ्या बाजूला मुसलमान. आणि गावाकडे आमच्याच भावकीतली निम्मी घरं बौद्ध. धर्मांची तुलना ग्रंथ वाचून करणारे पुष्कळ आहेत. मला ती एकमेकांच्या उपासनेत बसून कळली. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी इथे लिहिते.

१. देवळात दर्शन होतं, चर्चमध्ये हजेरी लागते.

देवळात माणूस सकाळी जाईल, संध्याकाळी जाईल, हात जोडून दोन मिनिटांत परत फिरेल. त्याचं आणि देवाचं काय ते तिथे होतं. आमच्याकडे साडेनऊ म्हणजे साडेनऊ. सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, गायचं, वचन ऐकायचं, अर्पण द्यायचं आणि आशीर्वाद झाल्यावर आवारात अर्धा तास बोलत थांबायचं. सलग दोन रविवार दिसला नाहीत, तर पाळकसाहेब किंवा मंडळीतलं कुणीतरी घरी येऊन ‘बरं आहे ना?’ विचारतंच. ख्रिस्ती श्रद्धेत एकट्याची प्रार्थना आहेच, पण मंडळीवाचून ती अपुरी मानली जाते. शेजारचे चाचा जुम्म्याच्या नमाजाबद्दल असंच सांगत. आणि रविवारच्या संदेशाला सगळ्यांत जवळचं काय असेल, तर हरिनाम सप्ताहातलं कीर्तन. एक वचन घ्यायचं, ते उलगडायचं, दृष्टान्त द्यायचे, मधे गायचं.

२. आमचं गाणं याच मातीतलं आहे.

यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ख्रिस्ती म्हटलं की लोकांना अजूनही ऑर्गन आणि इंग्रजी गाणीच आठवतात. मूळचे इंग्रज असलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पण त्यातली मराठी अस्सल आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अभंग, भजनं, कीर्तन हे सगळं आमच्या उपासनेत आणलं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्याच लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या.

आमच्या ‘उपासना संगीता’त टिळकांची गीतं आहेत. नगरच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ती सुरू झाली की म्हाताऱ्या बायकांना पुस्तक लागत नाही. शेजारच्या माळकरी काकांना एकदा नाताळच्या भजनाला बोलावलं होतं. ते टाळ घेऊनच आले आणि पहिल्या कडव्यापासून ठेका धरून बसले. शब्द नवे होते, चाल त्यांच्या अंगात होती. हल्ली तरुण मंडळी की-बोर्ड आणि ड्रम्सवर हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण टिळकांचं एकही भजन पाठ नसलेली पिढी आपण तयार करतोय, याचं मला मनापासून दुःख होतं.

३. ‘सगळे धर्म एकच’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं.

हेच काका प्रेमाने म्हणायचे, “विठ्ठल काय, येशू काय, एकच!” त्यांचं प्रेम खरं होतं. पण देव एकदाच माणूस झाला, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हा आमचा विश्वास अनेक अवतारांच्या मालिकेत बसत नाही. मरणानंतर आम्ही पुनर्जन्माची नाही, पुनरुत्थानाची वाट पाहतो. चाचा ईसांना पैगंबर मानत. कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे हे मला त्यांनीच सांगितलं. पण येशू क्रुसावर मेला हे त्यांना मान्य नव्हतं. आणि बौद्ध भावकीच्या विहारात तर सृष्टी निर्माण करणारा देवच नाही. हे फरक आम्ही एकमेकांना स्पष्ट सांगितले, तरी रमजानचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या यायच्या-जायच्या थांबल्या नाहीत.

४. ख्रिस्तीही एकसारखे नसतात.

नगरच्या आमच्या चर्चमध्ये साधा लाकडी क्रूस, बाकी भिंती मोकळ्या. मूर्ती नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. सासरी चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि पवित्र मरिया, संत, वेदी, धूप पाहून मी बावरले. आमच्याकडे सगळा भर वचनावर. तिथे मिस्सा हा केंद्रबिंदू, कारण वेदीवरची भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी श्रद्धा. सासूबाई रोज संध्याकाळी गुडघे टेकून रोझरी म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. पण जुन्या लॅटिन प्रार्थना त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. माळेचा मणी ओढत पुटपुटणाऱ्या सासूबाई, जपमाळ घेतलेल्या काकू आणि तसबीह घेतलेल्या चाची मला एकाच वयाच्या, एकाच काळजीत असलेल्या बायका वाटायच्या. काळजी मुलांचीच.

५. नवसाला धर्माची वेस नसते.

८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या माउंट मेरीला किंवा श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाऊन पाहा. हिंदू कुटुंबं रांगेत असतात. वांद्र्याला मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहिली जातात. कृपा विकत मिळत नाही, हे माझ्या माहेरचं शिक्षण, आणि ते मला आजही पटतं. पण मेणाचं बाळ हातात धरून उभ्या असलेल्या बाईला सिद्धान्त सांगायला मी जाणार नाही.

६. एका मेजावर बसूनही जात उठत नाही.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांतून उभ्या राहिल्या. प्रभुभोजनाचं मेज एक, प्याला एक, ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती! तरीही लग्न ठरवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आजही येतो, नगरला येतो आणि वसईतही आपापल्या समाजातच सोयरीक पाहिली जाते. आमच्या गावी एका भावाचं घर चर्चमध्ये आलं, दुसऱ्याचं १९५६ नंतर बाबासाहेबांमागे विहारात गेलं. आजोबा एक, वाडा एक, सोसलेलं एक. बौद्धांना १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. हा अन्याय सरकारने दूर केला पाहिजे. आणि लग्नाच्या बैठकीतला तो प्रश्न आपण, मंडळीने.

७. बघायचं असेल तर साध्या रविवारी या.

नाताळच्या रात्री चर्च पाहायला बरेच जण येतात, रोषणाई बघून जातात. त्यापेक्षा जुलैतल्या एखाद्या पावसाळी रविवारी या. मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा, नाही राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही. गीताचं पुस्तक शेजारचं माणूस आपणहून पुढे करील. कॅथलिक मिस्सेत भाकर घ्यायला मात्र पुढे जाऊ नका. ती देवळातल्यासारखी सगळ्यांना वाटायची नसते, बाप्तिस्मा आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेल्यांनीच ती घ्यायची असते. उपासना संपल्यावर लगेच निघू नका, आवारात थांबा. काही विचारायचं असेल तर तिथे विचारा, आणि पुढच्या एकादशीला आम्हालाही तुमच्याकडे भजनाला बोलवा.