संमेलनाला जाताना गावाची नोंद सोबत न्या

महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलनाची सुरुवात १९८१ साली लोणावळ्यात झाली. आता राज्याचे संमेलन भरते, विदर्भाचे वेगळे भरते, आणि वणी तालुक्यातल्या राजूरसारख्या कोळशाच्या आणि चुन्याच्या गावातूनही एखादा पक्षीवेडा तिकडे जायला निघतो. त्यासाठी त्याला रजा टाकावी लागते, गाडीभाड्याची सोय करावी लागते. अशा माणसाला मी आधीच सावध करू इच्छितो. उद्घाटन, सत्कार, मोठ्या पडद्यावरची देखणी छायाचित्रे, पहाटेची निरीक्षण सहल आणि शेवटी समूहफोटो, यांत दोन दिवस भराभर सरतात आणि हाती स्मरणिकेपलीकडे फारसे काही उरत नाही. हा दोष आयोजकांचा नसतो. संमेलनातून काय मिळणार, हे त्याआधीच्या वर्षभरात आपण काय केले यावर ठरते. आपल्या परिसरातल्या पक्ष्यांची तारीखवार नोंद ज्याच्या वहीत आहे, त्याच्याकडे तिथे विचारायला नेमका प्रश्न असतो आणि सांगायला नेमकी गोष्ट असते.

नोंदीला एवढे मोल का, हे आपल्याच राज्यातल्या रानपिंगळ्याने दाखवून दिले आहे. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसला नव्हता. १९१४ साली तो गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती, पण ती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची बनवाबनवी निघाली. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटे ठिकाण आणि खोटी तारीख चढवलेली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली, ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. खोट्या नोंदीने शोधाची दिशा चुकवली होती. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या गावाच्या नावाने ती सुधारली. म्हणून ओळख पक्की नसेल तर वहीत तसे स्पष्ट लिहावे. शंकेची नोंद चालते, ठोकून दिलेली चालत नाही.

‘पण आमच्याकडे पाहण्यासारखे आहे काय?’ हा पहिला आक्षेप. आपल्या जिल्ह्यात पक्षी पाहायला टिपेश्वर अभयारण्यात जायचे, राजूरच्या धुळीत काय पाहायचे, असे पुष्कळांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला असून १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. माळरानांतले आणि उघड्या प्रदेशांतले पक्षी वेगाने घटत आहेत. तारेवर बसणारा आपला नीलपंखही त्यांत आहे. हे पक्षी अभयारण्यापेक्षा शेतात, पडीक जमिनीवर आणि रस्त्याकडेला जास्त भेटतात. वर्धा नदीपलीकडच्या वरोरा भागात माळढोक दिसला तोही शेतशिवारातच. खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या खोल पाण्यावर कोणते पक्षी उतरतात आणि गावतळ्याच्या उथळ, चिखलाच्या काठावर कोणते? चुनाभट्ट्यांच्या आसपास आणि दूरच्या कपाशी-तुरीच्या शेतात किती फरक पडतो? या प्रश्नांची उत्तरे बाहेरून एका दिवसासाठी आलेला तज्ज्ञ देऊ शकणार नाही. तिथे बारमाही राहणाराच ती देऊ शकेल.

दुसरा आक्षेप असा, की संमेलन हा भेटीगाठींचा आनंदाचा मेळा आहे, त्याची शाळा कशाला करायची? भेटीगाठी हव्यातच. पण ओळख टिकते ती समान कामामुळे. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातला निरीक्षक आणि राजूरचा निरीक्षक यांच्या नोंदी समोरासमोर आल्या, तर दोघांचा प्रश्न एक होतो आणि पुढचे वर्षभर बोलणे चालू राहते. संमेलनातल्या ठरावांचेही तसेच. एखादे तळे वाचवा, असा नुसता ठराव हा सदिच्छा ठरतो. त्यामागे काही वर्षांच्या हंगामवार गणना असतील तर वन विभागाला किंवा खाण कंपनीला त्याला उत्तर द्यावे लागते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे: ठिकाणे जाहीर केली तर घरट्यांवर छायाचित्रकारांची झुंबड उडेल, शिकारीही पोहोचतील. हे खरेच घडू शकते. म्हणून नोंद ठेवणे आणि ती सर्वांसमोर मांडणे ही दोन वेगळी कामे मानावीत. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे भर सभेत सांगू नये, मोबाइलवर फिरवू नये. वन विभागाला आणि विश्वासू अभ्यासकाला कळवावे. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे झाकलेली असतात. गुप्तता पाळायची म्हणून वहीच कोरी ठेवली, तर ती जागा उद्या खोदली जाईल तेव्हा तिथे काय होते हे सांगायला कुणी नसेल.

म्हणून तयारी साधी ठेवा. एक तळे आणि एक ठरलेली वाट निवडा. तारीख, वेळ, जागा, जात, संख्या एवढेच लिहा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो. निदान या दोन वेळा दरवर्षी चुकवू नका. संमेलनाला निघताना वर्षाचा सारांश एका पानावर काढा आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेतून आधीच हेरून ठेवा. सगळी सत्रे गाठायचा हट्ट नको. आपल्या प्रश्नाशी जोडलेली दोन-तीन मनापासून ऐका. परतल्यावर आठवड्याच्या आत जे शिकलात ते गावातल्या शाळेत सांगा आणि नोंदीला दोन विद्यार्थी जोडून घ्या. हजेरीपटावर राजूरचे नाव कुणीही लिहील. सादरीकरणांच्या यादीत ते तुम्हीच आणायचे आहे. वही आजच घाला.