तो पहिला अर्धा दिवस

अगं, टोचणीवाले दारात आले की यंदा ‘जनावरं रानात गेलीत’ असं सांगून मोकळी होणार, हे तू परवा फोनवर किती सहज बोलून गेलीस! मागे सासूबाई बोलत होत्या, म्हणून मी तेवढ्यापुरती गप्प बसले. आता निवांत सांगते. रागावलेली नाही मी. तुझं कारण मला समजतं. गेल्या खेपेला लाळ्या खुरकुताची लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध उतरलं, मोठ्या गाईच्या मानेवर गाठ आली, आणि डेअरीचं दहा दिवसांचं बिल हातात पडलं तेव्हा तो फरक तुझ्या वहीत दिसला. लसीनं टळलेलं नुकसान मात्र कुठल्याच वहीत येत नाही, ही खरी पंचाईत.

दूध उतरतं, हे मी नाकारणार नाही. ‘काही होत नाही हो ताई’ म्हणत सुई टोचून पुढच्या गोठ्यात जाणारी माणसं मलाही आवडत नाहीत. थोडी कसर येते, गाय एखादा दिवस मलूल राहते, मग दूध पूर्ववत होतं. गाठ हळूहळू जिरते. नाहीच जिरली तर डॉक्टरांना दाखव. गाय पुढच्या महिन्यांतली गाभण असेल तर तेही आधी सांग, टोचायचं की थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागायचा तुला हक्क आहे. लस बर्फाच्या डब्यातून आली का तेही बघ. ती २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. उन्हात तापली तरी वाया, गोठली तरी वाया. एवढं विचारलंस म्हणून कुणाला राग आला तर येऊ दे.

आता दुसरी बाजू ऐक. तू नवीन आहेस, तुझ्या गाई संकरित आहेत आणि लाळ्या खुरकूत संकरित जनावराला आपल्या खिलार-डांगीपेक्षा जास्त लोळवते. आपल्या आईच्या गोठ्यात आलं होतं ते तुला आठवायचं नाही, तू लहान होतीस. ताप भरतो, गाय गव्हाणीशी उभी राहते पण वैरणीला तोंड लावत नाही. तोंडातून तारेसारखी लाळ लोंबते, मचमच असा आवाज येतो. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात, सडांवर फोड येतात आणि फुटतात. जिभेची सालटी अक्षरशः हातात येते. सड दुखतात म्हणून गाय धार काढू देत नाही, मग कास सुजते. मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणूनच लोक या आजाराला हलकं समजतात. पण वासरं मरतात. विषाणू थेट त्यांच्या हृदयावर जातो. सकाळी उड्या मारणारं वासरू संध्याकाळी आडवं. मोठी गाय वाचली तरी त्या वेतात दूध पुन्हा वर येत नाही, काही गाई पुढे उन्हात धापायला लागतात, माजावर येत नाहीत. तुझ्यावर बँकेचा हप्ता आहे. गाय जिवंत आहे आणि हप्ता फिटत नाही, हे बघणं मरणापेक्षा फार सोपं नसतं गं.

माझी सगळी नोकरी नमुन्यांच्या बाटल्या हाताळण्यात गेली, तेव्हा एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ती मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत कामाची वाटते. इंग्लंडमध्ये पिरब्राइटला या आजारावर काम करणारी जुनी प्रयोगशाळा आहे. तिथल्या आणि एडिंबराच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लागण झालेल्या जनावराजवळ ठरावीक तासांपुरतं निरोगी जनावर ठेवायचं, मग ते काढून घ्यायचं, काही दिवसांनी पुन्हा दुसरं ठेवायचं, आणि आजार नेमका कोणत्या वेळी पसरतो ते पाहायचं. तोवर समज असा होता की लक्षणं दिसायच्या बऱ्याच आधीपासून जनावर आजार वाटत सुटतं. प्रयोगात दिसलं वेगळंच. शेजारच्या जनावराला लागण होते ती सरासरीनं लक्षणं दिसल्यानंतर अर्ध्या दिवसानं, आणि हा पसरवण्याचा काळही सरासरी १.७ दिवसांचाच. रक्तात, दुधात विषाणू आधीही सापडतो, लक्षणांच्या चार दिवस आधीपर्यंतही दुधात असू शकतो, म्हणून ‘लक्षणं नाहीत तर धोका नाही’ असा अर्थ काढू नकोस. पण दावणीला शेजारी बांधलेल्या गाईचा विचार केलास तर तुझ्या हातात एक अर्धा दिवस असतो.

तो अर्धा दिवस कुणाला सापडणार? डॉक्टरांना नाही, तुझ्या नवऱ्याला, विलासरावांनाही नाही. ते गोठ्यात येतात तेव्हा शेण निघालेलं असतं आणि धार झालेली असते. सकाळ-संध्याकाळ सडाला हात तू लावतेस. नेहमी पाय न हलवणारी गाय आज का झाडतेय, पेंड का ठेवली, दूध एकदम निम्म्यावर का आलं, हे सगळ्यांत आधी तुला कळतं. आजाराचे सर्वे होतात तेव्हा माहिती मात्र ओसरीवरच्या पुरुषाला विचारतात, आणि बाई चहा घेऊन बाहेर येते. यावर मी कितीतरी वेळा भांडले आहे, पण ते असो.

तर संशय आला की त्याच धारेला ती गाय दूर बांध. तिची धार सगळ्यांत शेवटी काढ, भांडं वेगळं ठेव, तिचं दूध वासरांना पाजू नकोस. मग १९६२ ला फोन कर किंवा आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलाव. ते येईपर्यंत जिभेला हळद, सडाला मलम असं काही करायच्या भानगडीत पडू नकोस, आणि कुणी खुरांना जळकं ऑइल लावा म्हणालं तर त्याला वाटेला लाव. नुकत्याच फुटलेल्या फोडाची सालच डॉक्टरांना तपासणीसाठी हवी असते. नमुना घेऊन झाला की मग तुरटीच्या किंवा पोटॅशच्या फिकट पाण्यानं तोंड-खुर धू, बोरिक-ग्लिसरीन लाव, मऊ वैरण, पेज दे.

ती साल ग्लिसरीन घातलेल्या बफरच्या बाटलीत, बर्फावर, पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाते. तिथे एलायझा नावाची चाचणी लावून विषाणू कोणत्या प्रकारचा ते बघतात; साल फार जुनी झाली असेल तर पीसीआर करतात. या विषाणूचे एकूण सात प्रकार. त्यातला ‘सी’ २००४ नंतर जगात कुठे सापडलेला नाही. आपल्याकडे ‘ओ’, ‘ए’ आणि ‘आशिया-१’ असे तीन फिरतात, ‘ओ’ सर्वांत जास्त, म्हणून आपली लसही या तिघांची मिळून असते. एका प्रकारानं आलेली ताकद दुसऱ्यावर चालत नाही. त्यातही विषाणू बदलत राहतो, त्यामुळे गावोगावचे नमुने लसीतल्या वाणाशी ताडून बघावे लागतात. हे काम देशपातळीवर भुवनेश्वरजवळ अरुगुलच्या संस्थेत चालतं, आधी ते उत्तराखंडात मुक्तेश्वरला चालायचं. (मुक्तेश्वरची ती मूळ प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली होती आणि १८९३ मध्ये डोंगरावर नेली, हे मला अजून गंमतीचं वाटतं.) तुझ्या गोठ्यातली नखाएवढी साल पाठवली नाही, तर लस जुनी पडतेय की नाही हे तिथे कुणाला कळणार?

आता तू विचारलेल्या प्रश्नाकडे येते: टोचून झाल्यावर पुन्हा रक्त कशाला काढतात? दोन कारणं आहेत. एक, लस लागू पडली का ते बघायला. दुसरं जरा मजेशीर आहे. लस दिलेल्या गाईच्या रक्तात प्रतिपिंडं असतात आणि आजार होऊन गेलेल्या गाईच्याही असतात. मग गावात आजार खरंच फिरतोय का हे ओळखायचं कसं? घरात स्वयंपाक झाला तर चुलीत राख सापडणारच, डबा बाहेरून आणला असेल तर राख कुठली! जिवंत विषाणू अंगात वाढतो तेव्हा काही जास्तीची प्रथिनं तयार करतो, जी त्याच्या कवचात नसतात. लसीतला विषाणू मेलेला आणि स्वच्छ केलेला. तो वाढतच नाही, म्हणून ही प्रथिनं तयार होत नाहीत. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात दिसली की समजायचं, इथे खरा आजार येऊन गेला. ही चाचणी आपल्याकडे मुक्तेश्वरच्या संशोधकांनी बसवली. तिच्यामुळेच लस टोचत राहूनसुद्धा ‘या भागात आता आजार नाही’ असं सिद्ध करता येतं. युरोपातली पद्धत वेगळी. इंग्लंडमध्ये २००१ साली साथ आली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारून टाकली. आपल्याला ते ना परवडेल ना पटेल. म्हणून आपल्याकडे सुई आणि चाचणी, दोनच वाटा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं मथुरेतून सुरू केलेल्या कार्यक्रमाचं उद्दिष्टच २०३० पर्यंत हा आजार लशीच्या जोरावर संपवायचं आहे. ते साधेल का, याबद्दल मला शंका आहे. सासूबाईंना बुळकांडी आठवत असेल. ती २०११ मध्ये जगातून गेली, पण तिची लस एकदा टोचली की जन्माचं काम व्हायचं. इथे दर सहा महिन्यांनी टोचावं लागतं आणि गावातल्या शंभरातल्या निदान ऐंशी जनावरांना टोचलेलं असावं लागतं. तू ‘रानात गेलीत’ म्हणालीस की त्या ऐंशीतली तुझी चार गेली.

कानातला बारा आकडी बिल्लाही काढू नकोस. कान दुखतो म्हणून काढलास तर टोचणीची नोंद त्या गाईला लागणारच नाही, मग रक्ताचा निकाल कशाशी ताडायचा?

लपवण्याबद्दल एकच सांगते, कारण मला माहीत आहे की वेळ आली तर तुझ्यावर दबाव येईल. ‘कुणाला बोलू नको, डेअरी दूध बंद करेल.’ दूध थांबेल हे खरं आहे, आणि त्याची भरपाई कुणी देत नाही हेही खरं. पण कायद्यानं कळवणं मालकावर बंधनकारक आहे, २००९ पासून. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संकलन केंद्रावर तुझं दूध ज्या कॅनमध्ये ओतलं जातं, त्याच कॅनला हात लावून दुसरी बाई आपल्या गोठ्यात जाते. केनियात तर संकलन केंद्रावरच्या एकत्र दुधातूनच विषाणू शोधायचे प्रयोग झालेत. म्हणजे उद्या कॅनच बोलायला लागेल. आधी तू बोललेलं बरं.

घरच्या दुधाची काळजी करू नकोस, नेहमीसारखं चांगलं उकळून घे. माणसाला हा आजार होणं अगदीच विरळा. आणि पोराच्या हातापायांवर, तोंडात फोड आले तर सासूबाई गाईकडे बोट दाखवतील; तो लहान मुलांचा आजार निराळा, त्याचा विषाणू निराळा, गाईचा त्यात काही दोष नाही.

गोठा धुवायला फिनेलवर विसंबू नकोस. शेणामुताच्या घाणीत या विषाणूला फिनेल फारसं काही करत नाही. त्याला सहन होत नाही ते आम्ल आणि अल्कली. धुण्याचा सोडा घे, खाण्याचा नव्हे. दहा लिटर पाण्याला चारशे ग्रॅम. आधी शेण काढून जमीन धुवायची, मग हे पाणी टाकायचं. दारात एका पाटीत पोतं भिजवून ठेव, आल्यागेल्यानं त्यावर पाय द्यावा. जखमेवर मात्र सोड्याचं पाणी नको.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन तुमच्या शिवारात उतरतील. बैल थकलेले असतात, चार जिल्हे ओलांडून आलेले असतात. त्या माणसांवर खापर फोडू नकोस; त्यांच्यासाठी बैल आजारी पडणं म्हणजे हंगामच बुडणं. मुकादमाला नीट विचार, बैलांना टोचलंय का. तुझ्या गाईंचं टोचणं त्याच्या निदान तीन-चार आठवडे आधी झालेलं असलं पाहिजे, कारण ताकद यायला तेवढा वेळ लागतो. एका हौदावर त्यांचे बैल आणि तुझ्या गाई नकोत, एवढं पाळ. बाजारातून नवीन जनावर आणलंत तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. आणि आजारातून उठलेली गाय लगेच बाजारात काढू नका. काहींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहतो, तो तपासायलाही घशात खास पेला घालून खरवडून घ्यावं लागतं. अशा गाईमुळे साथ पसरते का यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. तोवर ती आपल्याच गोठ्यात असू दे.

तुझी ती दोन कालवडं आता चार महिन्यांची झाली असतील ना? त्यांना पहिली टोचणी, महिन्यानं बूस्टर, मग मोठ्यांबरोबर दर सहा महिन्यांनी. तारीख डेअरीच्या वहीतच लिहून ठेव. टोचणीवाले येणार त्या दिवशी विलासरावांना रानात जाऊ देऊ नकोस, ती शिंगं उगारणारी मोठी गाय त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.