अर्धा समास

लेखापरीक्षणाच्या कामात एक जुना शिरस्ता आहे. एखाद्या संस्थेच्या हिशेबात काही वावगे आढळले, तर परीक्षक ते एकदम अहवालात उतरवीत नाही. कागद उभा दुमडून त्याच्या एका अर्ध्या भागात तो आपला आक्षेप लिहितो, दुसरा अर्धा भाग कोरा ठेवतो आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याच्याच हाती तो कागद देतो. कोऱ्या भागात त्याचा खुलासा लिहून आला, म्हणजे मगच आक्षेप कायम ठेवावयाचा की गाळावयाचा, हे ठरते. दप्तरी भाषेत या कागदाला अर्धसमास म्हणतात. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत मी असे शेकडो अर्धसमास लिहिले. परंतु ज्या एका व्यक्तीच्या बाबतीत तो अर्धा भाग कोरा ठेवणे माझ्या आयुष्याच्या दृष्टीने सर्वांत अगत्याचे होते, तिच्याच बाबतीत मी तो ठेवला नाही. ते कसे घडले हे येथे सांगतो आहे, ते एवढ्याच हेतूने की, शेजारच्या दाराकडे मन ओढ घेत असता तोंडातून मात्र तक्रारच निघते, अशी ज्यांची आज अवस्था असेल, त्यांना वेळीच सावध होता यावे.

नागपुरात वर्धा मार्ग सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले की मनीषनगर लागते. 2018 साली तेथे उड्डाणपूल झालेला नव्हता, फाटक होते. आणि दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या व मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या अशा दोन्ही वाटांच्या गाड्या नागपूर आणि वर्धा यांच्या दरम्यान एकाच मार्गावरून धावत असल्यामुळे ते फाटक दिवसातून कितीदा तरी बंद होई. फाटकापलीकडच्या एका गल्लीत, एका चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मी भाड्याने राहत होतो. पहाटे साडेपाचला उठणे, सहाला पाणी भरणे, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर घडी करून तारखेप्रमाणे रचणे, खर्चाची रोजकीर्द रात्री निजण्यापूर्वी पुरी करणे, हा माझा क्रम सात वर्षे अबाधित चालला होता. या व्यवस्थेत मला सुख होते, हे मी आजही नाकारणार नाही.

त्या वर्षी होळी आटोपल्यावर समोरच्या घरात ती राहावयास आली. ती झाडीपट्टीच्या नाटकांसाठी वेशभूषा करीत असे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धान पिकविणाऱ्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे त्या रंगभूमीचे केंद्र. आणि हंगाम संपला की पुढच्या हंगामाचे कपडे उसवून, धुऊन, नव्याने बेतावे लागतात. हे काम ती घरीच करी. पत्र्याच्या सात पेट्या तिच्याबरोबर आल्या होत्या, त्यांपैकी चार घरात मावल्या आणि तीन दोन्ही दारांमधल्या बोळात राहिल्या. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलरवाचून क्षणभर चालावयाचे नाही. पण ती टाकीत पाण्याची नळी सोडून शिवणात गुंग होई, टाकी भरून वाहू लागे आणि पाण्याचा ओघळ तिच्या दाराखालून निघून माझ्या उंबरठ्याशी येऊन थांबे. मी दार उघडले की ती फडके घेऊन धावत येई. "साहेब, पुन्हा तुमच्याकडे पळालं नं पाणी! आता पुसून देते," असे म्हणे, आणि खरोखरच गुडघे टेकून पुसून काढी.

घराची किल्ली ती आठवड्यातून दोनदा तरी बाहेरून कुलपातच विसरे. ती काढून, दार वाजवून, तिच्या हाती देणे हे मी माझे शेजारधर्माचे काम समजत होतो. कार्यालयातून येताना जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या चढत असता माझी दृष्टी प्रथम त्या कुलपाकडे जाई, आणि किल्ली दिसली नाही तर मन खिन्न होई, हे मात्र मी कोणाजवळ, स्वतःजवळही, कबूल केले नव्हते.

त्या वर्षी विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपुरात भरले होते. 6 जुलै रोजी पाऊस असा कोसळला की, विधानभवनाचीच वीज जाऊन सभागृहाचे कामकाज थांबवावे लागले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्ध जोडपे राहत असे. दुपारी त्यांच्या घरात पाणी शिरले. मी खाली पोहोचलो तेव्हा तिने आपल्या तीन पेट्यांतील मखमल, जरीकाठ, शेले, सारे काही वर जमिनीवर ओतून त्या रिकाम्या पेट्यांत आजींचे धान्य, औषधे आणि बिछाने भरावयास आरंभही केला होता. "उभे काय राहिले, ते टोक धरा नं!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी त्या पेट्या एकेक करून वर नेल्या. ज्या पेट्यांना मी तीन महिने अडगळ म्हणत होतो, त्यांनी त्या दिवशी दोन म्हाताऱ्या जीवांचा संसार भिजू दिला नाही.

वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात तिने चहा केला. आजी-आजोबा आतल्या खोलीत विसावले होते. बाहेर मखमलीच्या ढिगाशेजारी आम्ही दोघेच, ओलेचिंब, बसलो होतो. मला त्या वेळी जे सांगावयाचे होते ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते सोडून मी म्हणालो, "आता या पेट्या बोळात ठेवू नका, येता-जाता पाय अडखळतो." तिच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले. "बरं," एवढेच ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

तरीही आठवड्याने तिने मला एक भेट दिली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवतात, हे मी तिला एकदा फाटकाशी गाडी जाण्याची वाट पाहत असता सांगितले होते. ते लक्षात ठेवून तिने कुठल्याशा नाटकातील राजाच्या झग्याचे उरलेले तांबडे मखमल घेतले, त्याला आतून सुती अस्तर लावले, चारी कडा हातशिलाईने दुमडल्या आणि माझ्या वह्यांसाठी एक रुमाल शिवून दिला. त्या रुमालात मी काय बांधले, तर जिच्यात तिच्याविषयीच्या तक्रारी तारीखवार लिहीत होतो ती वही.

होय, मी अशी वही ठेवली होती. पाणी कोणत्या दिवशी वाहिले, पेटी केव्हा आडवी आली, शिवणयंत्र रात्री किती वाजता थांबले, हे सारे तिच्यात होते. ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री एक तरुण जीपमधून कापडाचे गठ्ठे घेऊन आला. तो आणि ती बोळात उभे राहून बराच वेळ हसत बोलत होते. तो तिचा कोण होता हे मी आजतागायत विचारलेले नाही, आणि विचारण्याचा मला हक्कही नव्हता. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्यानंतर सलग आठ रात्री यंत्राचा आवाज दहानंतरही चालू राहिला तेव्हा माझ्या मत्सराला नियमाचे वस्त्र मिळाले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरली असून निवासी भागात तेव्हा 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. आवाज मोजण्याचे कोणतेही साधन हाती नसता मी हा नियम आधाराला घेतला, वहीतील नोंदी क्रमवार उतरवून काढल्या आणि दोन्ही घरांच्या मालकाकडे लेखी अर्ज पाठविला.

पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतील लहान मुले लाकडाचे बैल ओढीत, सजूनधजून निघाली. कोणी मावळा, कोणी वासुदेव, कोणी झाशीची राणी. सतरा-अठरा मुले आणि प्रत्येकाच्या अंगावर बेतशीर शिवलेला पोशाख. मी कौतुकाने पाहत उभा होतो, तोच तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "पोरीनं आठ रात्री जागून शिवले बाप्पा, अन् एका पैशालाही हात लावला नाही."

हा तिचा खुलासा होता. तो मी मागितला असता तर आठ दिवस आधीच मिळाला असता. अर्ज मात्र केव्हाच मालकाच्या हाती पोहोचला होता.

एकट्या राहणाऱ्या, त्यातही नाटकात काम करणाऱ्या स्त्रीला घर मिळताना किती अडचणी येतात, याची कल्पना मला असावयास हवी होती. मालकाला निमित्तच हवे असावे. त्याने तिला महिन्याच्या आत घर सोडण्यास फर्माविले. तिचा करारनामा नोंदविलेला नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि तो नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे मला ठाऊक होते. तिच्या दाराशी जाऊन एवढे सांगण्याचे धैर्यही मला झाले नाही, कारण ते सांगावयाचे तर अर्ज कोणाचा, हेही सांगावे लागले असते.

ते तिला आधीच कळले होते. मालकाने अर्जच तिला दाखविला होता. जीप खाली उभी असता ती माझ्या दाराशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता. "अक्षर सुरेख आहे तुमचं," ती म्हणाली. "एवढ्या साऱ्या तारखा लिहून ठेवल्या, एक डाव दार वाजवून सांगितलं असतं, तर मी मशीनच बंद केली असती नं." मी काही बोलू शकलो नाही. सातही पेट्या गेल्या. बोळ रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या बोळात माझा पाय पुढे कधी अडखळला नाही.

या अनुभवातून जे मला उमगले, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, शेजाऱ्याविषयीची तक्रार मनात उभी राहताच तिची परीक्षा करावी. हाच उपद्रव दुसऱ्या कोणाकडून झाला असता तर आपण त्याची नोंद घेतली असती काय, असे स्वतःला विचारावे. तळमजल्यावरची घरघंटी रोज पहाटे पाचला घरघरत असे. तिची एकही नोंद माझ्या वहीत नव्हती. एकाच दाराविषयी आपले कान असे तीक्ष्ण झालेले आढळले, तर प्रश्न आवाजाचा नसून आपल्या मनाचा आहे हे निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट, उपद्रव खरा असेल तर तो त्याच दिवशी, त्याच माणसाला, तोंडाने आणि एका वेळी एकच सांगावा. शिवणयंत्राच्या पायांखाली जाड सतरंजीची घडी घातली की त्याची घरघर जमिनीत फारशी उतरत नाही, हे मला पुढे एका शिंप्याने सांगितले. चार महिन्यांच्या नोंदींवर दहा मिनिटांचा उपाय होता. नियम आणि अर्ज हे शेवटचे साधन आहे, आणि एकट्या, अनोंदणीकृत भाडेकरूवर ते किती जोराने आदळते याचा विचार केल्यावाचून ते कधीही उचलू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मनातील ओढ तक्रारीत मिसळू नये, तशीच ती उपकारातही मिसळू नये. ती सांगावयाची तर वेगळी, एकदाच आणि स्पष्ट सांगावी. रात्री तिच्या दाराशी किंवा जिन्यात गाठून सांगू नये. दिवसाउजेडी, जेथून तिला सहज निघून जाता येईल अशा ठिकाणी सांगावी. उत्तर नकाराचे आले तर तो नकार पूर्ण मानून पुन्हा विषय काढू नये, आणि शेजारधर्मात तसूभरही उणे पडू देऊ नये. कारण ज्याला नकार द्यावयाचा त्याच्याच भिंतीला भिंत लावून तिला राहावयाचे असते, आणि आपल्या एका शब्दासाठी तिला आपले घर धोक्यात टाकावे लागू नये.

याच नागपुरात कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांनी संसार केला. कुसुमावती 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विवाहापूर्वी या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे 1972 साली 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. मी ती वाचली, ती समोरचे घर रिकामे झाल्यावर. कागद त्यांनीही लिहिले आणि मीही लिहिले. परंतु त्यांचा प्रत्येक कागद ज्याच्याविषयी होता त्याच्याच हाती गेला, आणि त्याला उत्तरही आले. माझा कागद तिऱ्हाइताकडे गेला. दोहोंतील सारे अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

व्यवस्थितपणा हा गुण आहे, असे मी अजूनही मानतो; पण त्याची हद्द आपल्या उंबरठ्याशी संपते. उंबरठ्यापलीकडे जे अस्ताव्यस्त दिसते, त्याची आपली स्वतःची एक संगती असते, आणि ती विचारल्याखेरीज कळत नाही. ज्यांचा स्वभाव तिच्यासारखा मोकळा आहे त्यांनीही, रात्री जागावयाचे असेल तर शेजारी आधी एक शब्द टाकून ठेवावा. मात्र तो टाकला नाही म्हणून त्यांच्यावर फिर्याद करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

2020 च्या नोव्हेंबरात मनीषनगरचा उड्डाणपूल खुला झाला. फाटकाशी थांबून कोणाशी चार शब्द बोलण्याची वेळ आता सहसा येत नाही. बोलावयाचे तर आपणहून थांबावे लागते. ती वही अजून त्या तांबड्या रुमालात आहे. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून आज रात्री तुमचा हात लेखणीकडे गेला, तर जरूर लिहा. पण कागद उभा दुमडा, त्याचा अर्धा भाग कोरा ठेवा, आणि सकाळ झाली की तो घेऊन त्याच दाराशी जा.