बोटांना सहा महिने द्या

"कट् असा आवाज आला डॉक्टर, आणि बोटातलं बळच गेलं." सव्वीस वर्षांचा तो तरुण उजव्या हाताची अनामिका माझ्यापुढे धरून सांगत होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. पण बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने मी अंगठा टेकवला मात्र, तो कळवळून खुर्चीतून उठला. प्रस्तरारोहणाच्या भिंतीवर जायला लागून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि तो आठवड्यातून पाच दिवस चढत होता.

बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या खाली असतात, आणि त्यांच्या दोऱ्या म्हणजे कंडरा बोटांच्या टोकांपर्यंत जातात. या दोऱ्या हाडापासून सुटू नयेत म्हणून प्रत्येक बोटात चिवट कड्या असतात, गळाच्या काठीवर दोरा ओवायला असतात तशाच. बारीकशा खाचेवर बोटांची टोकं रोवून, मधला सांधा काटकोनात वाकवून लोंबकळलात की मुळाजवळच्या कडीवर प्रचंड भार येतो. त्या तरुणाची तीच कडी फाटली होती.

स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरा आणि कड्यांना मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून नवशिक्याला खरा धोका पहिल्या दिवशी नसतो. 'आता जमायला लागलं' असं वाटतं, तिथे तो सुरू होतो.

पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदाच चढा, फार तर तीनदा, आणि मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. पकड शक्यतो उघड्या बोटांची ठेवा. मोठ्या, हात भरून धरता येतील अशा पकडी असलेले सोपे मार्ग भरपूर करा. आणि पायांवर चढा! शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला ओढून घेत नाही, पायांनी वर ढकलतो, इथेही तेच. हात सरळ ठेवा, नजर पाय ठेवायच्या जागेवर असू द्या. श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब झपाट्याने चढतो. रक्तदाब, हृदयविकार, फिट किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आल्यापासून पालकही मुलांना घेऊन येतात, याचा मला आनंदच आहे. मात्र वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग अजून कूर्चेचा असतो. मुलाचं मधलं पेर आठवडाभर दुखत असेल तर मलम चोळत बसू नका. चढणं थांबवा आणि तपासून घ्या. बोटांवर लोंबकळण्याच्या फळ्या तर या वयात नकोतच.

दोराशिवाय कमी उंचीवर चढताना पडणं ठरलेलंच, म्हणून आधी पडायला शिका. दोन्ही पायांवर उतरा, गुडघे वाकवा आणि पाठीवर लोळण घ्या. हात मागे टेकलात तर मनगट किंवा कोपर जातं.

सह्याद्रीच्या कड्यावर अनुभवी संस्थेबरोबरच जा. तिथे हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनीही काढायचं नाही, कारण दगड वरून सुटतात. कातळात आग्या मोहोळ असतं, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. हार्नेसमध्ये कोणी निपचित लटकत असेल तर क्षणही न दवडता त्याला खाली उतरवा. पायांत रक्त साचून जिवावर बेतू शकतं. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या.

तो तरुण आता पुन्हा चढतो, पण त्याआधी त्याला कित्येक आठवडे भिंत फक्त खालून पाहावी लागली.

आणि चढायला निघताना बोटातली अंगठी घरीच काढून ठेवा. ती खाचेत अडकली आणि अंगाचा भार तिच्यावर आला, तर बोटाची कातडी सोलून निघते.